९० मीटरची टेकडी

तीन हिवाळे मी त्या टेकडीच्या पायथ्याशी सगळ्यांचे कोट सांभाळत बसले. भाची आणि तिचे मित्रमैत्रिणी लिफ्टने वर जायचे, पायांत स्कीच्या लांब अरुंद पट्ट्या अडकवून बर्फावरून घसरत खाली यायचे, पुन्हा वर जायचे. मी काचेमागच्या उबदार खोलीत पिशव्या, चाव्या आणि ओले हातमोजे घेऊन बसायचे. त्या काचेतून अख्खी टेकडी दिसायची, एवढी ती लहान. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उभी उंची ९० मीटर. तासाभरावरच्या शहरात तिच्याहून उंच इमारती कितीतरी आहेत. चौथ्या हिवाळ्यात मी भाचीला सांगितलं की या वेळी कोट दुसऱ्या कुणाकडे तरी दे, मला स्कीइंग शिकायचंय. मला तेव्हा ५३वं चालू होतं.

घरात यावर दोन मतं पडली. शिकायचंच आहे तर चार दिवस काढून खऱ्या डोंगरावर जावं. तिथे बर्फ चांगला, उतार लांब, असं एक मत. भाची मात्र अडून बसली. "मावशी, मोठ्या डोंगरावर तू दिवसातून चारदा उतरशील, आणि त्यातल्या दोन वेळा मध्येच घाबरून बसून राहशील. इथे एका दिवसात वीसदा उतरशील. शिकायला वीसदाच लागतं." मी तिचं ऐकलं.

आठवड्याच्या मधला दिवस निवडला, म्हणजे गर्दी नको. निघण्याआधी भाचीने माझे कपडे तपासले आणि आतला सुती कपडा काढायला लावला. सुती कापड घाम शोषून धरून ठेवतं. चढ-उताराने अंग तापलेलं असताना कळत नाही, पण लिफ्टवर बसलं की तोच घाम गार पडतो आणि थंडी हाडांत शिरते. आत लोकरीचा पातळ थर, त्यावर उबदार थर, सगळ्यांत वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. मोज्यांच्या मी दोन जोड्या घातल्या होत्या, त्यातली एक उतरवायला लावली. दोन मोजे घातले की त्यांच्या घड्या बुटात दबतात, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. पातळ, लांब, एकच मोजा. हे इतकं साधं आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला कुणी आधी सांगत नाही.

सामान भाड्याने देतात त्या खिडकीवर आधी एक फॉर्म भरायचा असतो. उंची, वजन, वय, आणि तुम्ही कोणत्या प्रकारचे स्कीअर आहात: १, २ की ३. सावधपणे, सावकाश जाणाऱ्यांनी १ लिहायचं. वजनाच्या रकान्यात मी चार किलो कमी लिहिले. सवयीने लिहिले, फार विचार केला नाही. भाचीने फॉर्म हातात घेतला, वाचला आणि हळूच म्हणाली, "मावशी, हे वजन तुझ्या गुडघ्यासाठी विचारतायत." मी खोडून खरा आकडा लिहिला.

ती असं का म्हणाली ते खिडकीपलीकडच्या मुलीने काम करताना दाखवलं. बूट स्कीला जोडतो त्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. त्याचं काम दुहेरी असतं: पाय स्कीला घट्ट धरून ठेवायचा, आणि पडताना हाडावर किंवा गुडघ्याच्या स्नायुबंधावर जोर यायच्या आत पाय सोडून द्यायचा. पुढचा भाग पाय पिळला गेला की बाजूला सुटतो, टाचेचा भाग माणूस तोंडावर पडायला लागला की वर उघडतो. किती जोर आला की सुटायचं, ते स्प्रिंगवर अवलंबून, आणि स्प्रिंग किती आवळायची ते एका तक्त्यावरून ठरतं. वजन आणि उंचीवरून ओळ सापडते, बुटाच्या तळव्याच्या मिलिमीटरमधल्या लांबीवरून रकाना सापडतो. त्यात वय ५० किंवा अधिक असेल तर एक ओळ वर सरकून थोडी सैल स्प्रिंग ठेवतात. त्या मुलीने माझ्या वयावर बोट ठेवलं, तक्त्यावर एक ओळ सरकली आणि स्क्रूड्रायव्हरने आकडा कमी केला. माझ्या वयाची इतकी नेमकी आणि इतकी आदराने दखल याआधी कुठल्या यंत्राने घेतल्याचं मला आठवत नाही. फॉर्ममध्ये वजन जास्त सांगितलं तर स्प्रिंग सुटायला हवी तेव्हा सुटत नाही, कमी सांगितलं तर नको तिथे सुटते. धोका दोन्हींत आहे.

बूट हा वेगळाच प्रकार. कडक प्लास्टिकचं कवच, पुढे चार कड्या. उभं राहिलं की पायाची बोटं पुढे टेकतात आणि वाटतं, एक माप मोठा मागावा. मी मागितलाही. "आधी गुडघे वाकवा, नडगी पुढे दाबा," ती मुलगी म्हणाली. तसं केल्याबरोबर टाच मागे बसली आणि बोटांना जागा मिळाली. स्कीचा बूट उभं राहण्यासाठी बनवलेलाच नाही, वाकलेल्या गुडघ्यासाठी बनवलाय. दिवसभर जे काही शिकले त्याचं मूळ तिथेच होतं, फक्त मला ते अजून कळलं नव्हतं.

बाहेर पडले तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती काचेतून कधी दिसली नव्हती. टेकडीच्या दोन्ही अंगांना तपकिरी, वाळलेलं गवत होतं. पांढरे होते ते फक्त घसरण्याचे पट्टे. त्या आठवड्यात आकाशातून काहीच पडलं नव्हतं. जे होतं ते सगळं माणसांनी बनवलेलं.

कडेला रांगेने उभ्या असलेल्या तोफांसारख्या यंत्रांनी ते बनवतात. पाण्याचे अतिशय बारीक थेंब दाबाखालच्या हवेबरोबर उडवायचे. हवेत असतानाच ते गोठतात आणि खाली पडतात. पण नुसतं शून्याखालचं तापमान पाहून भागत नाही. हवेत दमटपणा किती आहे ते पाहावं लागतं, कारण थेंबातलं थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर थेंब लवकर गार होतो. म्हणून हे लोक ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचं तापमान बघतात, आणि ते साधारण उणे दोन अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की कामाला लागतात. अशी यंत्रं पहिल्यांदा १९५० साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात तिघांनी बनवली. ते मुळात स्की बनवणारे. त्या हिवाळ्यात हिमवर्षाव फारसा झाला नाही, स्की खपेनात, म्हणून त्यांनी रंग फवारायचा काँप्रेसर आणि बागेतला पाइप जोडून बघितला. शहराजवळच्या बुटक्या टेकड्या आज तग धरून आहेत त्या या शोधामुळे. त्यांच्या उंचीवर आभाळाचा भरवसा धरता येत नाही.

मशीनमधून पडतं त्याला सहा पाकळ्यांची नक्षी नसते. नक्षी तयार व्हायला ढगातून खाली येईपर्यंतचा वेळ लागतो. इथे थेंब काही सेकंदांत गोठतो, त्यामुळे बारीक गोल दाणे होतात. ते दाट बसतात आणि जास्त दिवस टिकतात. आपण बोलताना वरून पडणाऱ्या भुसभुशीतालाही बर्फ म्हणतो आणि गोठलेल्या टणक पाण्यालाही बर्फच म्हणतो. हिम हा शब्द पुस्तकातच राहिला. त्या दिवशी मला दोन्ही शब्दांची गरज पडली, कारण पायांना दोन्ही पूर्ण वेगळे लागतात. सकाळी यंत्राने नांगरून ठेवलेल्या पट्ट्यावर कॉर्डरॉय कापडासारख्या बारीक रेघा होत्या. ते हिम होतं. संध्याकाळी तिथेच बर्फ झाला.

आम्ही सहा नवशिके होतो. चार मुलं, एक तरुण आणि मी. प्रशिक्षक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. त्यांनी पहिला अर्धा तास आम्हाला काठ्या दिल्याच नाहीत. एकच स्की पायात अडकवून सपाटीवर ढकलत फिरवलं, मग दुसऱ्या पायात. मग दोन्ही घालून आडवं, एक एक पाऊल टाकत, चढावर. त्यानंतर पडायला शिकवलं. कुठे जायचं ते सुचेनासं झालं तर बाजूला आणि थोडं वरच्या अंगाला बसायचं; हात मागे टेकायचे नाहीत; आणि घसरत असताना उठायची धडपड करायची नाही, पूर्ण थांबल्यावरच उठायचं. काठ्या मिळाल्यावर सांगितलं की पडताना त्या सोडून द्या, मुठीत धरून पडलात तर अंगठा मागे ओढला जाऊन त्याचा स्नायुबंध फाटतो. हे सगळं ते अगदी शांतपणे, एकेकाकडे बघून सांगत होते. पडण्याबद्दल एवढं बोलणारा माणूस भेटला की भीती वाढेल असं वाटतं. माझी कमी झाली.

मग स्नोप्लाव. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब, आणि आतल्या कडा हिमात किंचित रुतवलेल्या, नांगराच्या फाळासारख्या. टाचा बाहेर ढकलल्या की वेग कमी, जवळ घेतल्या की जास्त. ऑस्ट्रियातल्या आर्लबर्गमध्ये हॅनेस श्नायडर यांनी शंभर वर्षांपूर्वी शिकवण्याच्या ज्या पायऱ्या बांधल्या, त्यांची सुरुवात याच नांगरापासून होती, आणि आजही जगात बहुतेक ठिकाणी नवशिका पहिला दिवस याच आकारात घालवतो. मला हा आकार आवडला. त्यात थांबता येतं. कोणतंही नवं काम शिकताना आधी थांबायला शिकवणारा शिक्षक मला नेहमीच खरा वाटत आलाय.

वर न्यायला मॅजिक कार्पेट नावाचा सरकता पट्टा होता. त्यावर उभं राहायचं, तो तीसेक मीटर वर नेऊन सोडतो. तासभरात मी त्यावर किती वेळा चढले ते मोजलं नाही. वळायला लागले तेव्हा एक कोडं पडलं. उजवीकडे वळायचं तर उजवीकडे झुकावं, हे अंगात मुरलेलं. स्कीवर उलट आहे: उजवीकडे जायचं तर भार डाव्या पायावर द्यायचा. डाव्या स्कीचं टोक उजवीकडे रोखलेलं असतं, तिच्यावर उभं राहिलं की ती आपल्याला तिच्या दिशेने नेते. शिवाय आजकालच्या स्की मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असतात. कडेवर टेकली की ती आपणहून कमान काढते. हा आकार १९९०च्या दशकात रूढ झाला, स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीच्या स्कीपासून. त्याआधीच्या सरळ आणि लांबलचक स्कींवर वळणं शिकायला किती हिवाळे जात असतील याचा विचार मनात आला. माझी स्की उभी केली तर हनुवटीपर्यंतही पोचत नव्हती.

अकराच्या सुमारास प्रशिक्षकांनी आम्हाला चेअरलिफ्टवर नेलं. लिफ्टची खुर्ची थांबत नाही, मागून येते आणि गुडघ्यामागे टेकते, तेव्हा बसायचं. मागे मान वळवून बघत राहायचं, बाहेरच्या हाताने खुर्चीचा दांडा धरायचा. जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेत आयडाहोच्या सन व्हॅलीमध्ये लागली, आणि ती आखणाऱ्या जेम्स करन या अभियंत्याने आधी जहाजांवर केळ्यांचे घड चढवणारी यंत्रं पाहिलेली होती; घड लटकवायच्या आकड्याच्या जागी त्यांनी खुर्ची लटकवली. हे प्रशिक्षकांनी वर जाता जाता सांगितलं, मला वाटतं माझी मूठ दांड्यावर किती आवळली होती ते बघून. उतरताना स्कींची टोकं वर उचलायची, टेकल्या की उभं राहायचं आणि सरळ पुढे सरकत जायचं. मी उभी राहिले, सरळ सरकत गेले आणि थांबले. खाली, फार खाली नाही, काचेमागची ती खोली दिसली. तीन हिवाळे मी तिथून इकडे बघत होते.

माथ्यावरून तीन वाटा फुटतात. हिरव्या खुणेची सोपी, निळ्या खुणेची त्याहून अवघड आणि एकच छोटी काळी. रंग मात्र त्या त्या टेकडीपुरते असतात. इथली काळी वाट मोठ्या डोंगरावर निळी ठरू शकते. निघण्याआधी प्रशिक्षकांनी आम्हाला एका पाटीसमोर उभं केलं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये ठरवलेले दहा नियम. त्यातला एक त्यांनी दोनदा वाचून दाखवला: मागून येणाऱ्याने वाट अशी निवडायची की पुढच्याला धोका होणार नाही. "तुमच्यापेक्षा खाली जो आहे त्याचा हक्क पहिला. तुम्ही हळू जा. तुम्हाला चुकवणं हे मागच्याचं काम आहे." माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. इतका वेळ मला मागून येणाऱ्या प्रत्येकाची लाज वाटत होती, की मी वाट अडवतेय.

हिरव्या वाटेवरच्या पहिल्या तीन फेऱ्या चांगल्या गेल्या. पट्ट्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत तिरकं जायचं, नांगर रुंद करायचा, वळायचं, पुन्हा तिरकं. एका फेरीला सहा-सात मिनिटं, लिफ्टला चार. भाची मागून येत होती आणि मला फक्त एकच शब्द सांगत होती: "टाचा." शिकवणी संपली, प्रशिक्षक गेले, आणि मला धीर आला. जास्तच आला. चौथ्या खेपेला, भाची बुटाची कडी घट्ट करत असताना, मी निळ्या वाटेकडे वळले.

तिची सुरुवात हिरवीसारखीच आहे. वीसेक मीटरनंतर ती एकदम खाली झुकते. वरून कड दिसते, पलीकडचं काही दिसत नाही. कडेवर आले आणि अंगाने ते केलं जे उतारावर प्रत्येक अंग करतं: मागे रेललं. मागे रेललं की भार स्कीच्या शेपटांवर जातो, पुढची टोकं हलकी होतात, आणि हलकी टोकं वळत नाहीत. नांगर करायला गेले तर टाचांत जोरच नव्हता. स्की एकत्र आल्या आणि सरळ निघाल्या. कानांत वारा भरला. बाजूला बसायचं हे मात्र आठवलं. बसले. आठ-दहा मीटर घसरत गेले, उजवा पाय कुठेतरी पिळला जातोय असं वाटलं आणि त्याच क्षणी खट असा आवाज झाला. स्की सुटून मागे राहिली होती. तिच्या खाली दोन दातांसारखे ब्रेक असतात, ते उघडून ती उतारावर रुतून उभी होती. गुडघा चाचपला. दुखत नव्हता. खिडकीवर खोडलेला तो आकडा डोळ्यासमोर आला.

उठता येईना. उतार तीव्र होता आणि एका पायात स्की, दुसऱ्यात नुसता बूट. भाची पोचली तोवर लाल जाकिटावर क्रॉस असलेल्या गस्तीवरच्या बाईही आल्या. त्यांनी मला काय झालं, कुठे दुखतंय, डोकं आपटलं का, हे शांतपणे विचारलं. मग स्की आणून उताराला आडवी ठेवली, माझ्या बुटाखाली चिकटलेलं हिम खरवडून काढलं, पुढचं टोक खाचेत, मग टाच दाबून खट. "आता तुम्हाला खाली न्यायला गाडी मागवू, की स्वतः उतराल? वळायचं नाही. आडवं उभं राहून घसरायचं फक्त."

मी उतरेन म्हटलं. आणि त्या वीस मिनिटांत जे शिकले ते त्या दिवसाचं सार होतं. दोन्ही स्की उताराला आडव्या. गुडघे वरच्या बाजूला झुकवले की कडा रुततात आणि थांबतो. गुडघे जरासे सैल सोडले की स्की सपाट होतात आणि आडव्याच खाली सरकतात. पुन्हा कडा, पुन्हा थांबा. बाई माझ्या खाली उभ्या राहून मागे मागे सरकत होत्या. "भार कुठे आहे?" त्या विचारायच्या. मी सांगायचे, दोन्ही पायांवर. "नाही. खालच्या पायावर आणा. खांदे माझ्याकडे, दरीकडे." दरी हा शब्द त्या टेकडीला फार मोठा होता, पण तेव्हा मला तो अगदी बरोबर वाटला. खालच्या पायावर उभं राहायचं म्हणजे ज्या बाजूला पडायची भीती आहे त्याच बाजूला झुकायचं. एकदा धाडस करून झुकले. स्कीची कड एकदम घट्ट धरली गेली. मागे रेलताना जी जमीन हातातून निसटत होती, ती पुढे झुकल्यावर पायाखाली आली. बुटातल्या नडगीला दाब जाणवला आणि सकाळच्या त्या मुलीचं वाक्य आठवलं. गुडघे वाकवा, नडगी पुढे दाबा.

खाली पोचल्यावर भाचीने विचारलं, थांबायचं का. मी म्हटलं, हिरवीवर चल. आत्ता. हे पायात आहे तोवर.

दुपारभर आम्ही हिरवीवरच होतो. इथेच ती लहान टेकडी किती मोलाची ते मला समजलं. एका वळणात काहीतरी जमलं, दुसऱ्यात निसटलं, की चार मिनिटांत लिफ्टने पुन्हा त्याच जागी, पायांची आठवण ताजी असतानाच. कुठल्या वळणावर मी मागे रेलते ते मला पाठ झालं: डावीकडचं तिसरं, जिथे सावली पडते. प्रत्येक खेपेला त्या वळणाच्या आधी मी खांदे दरीकडे न्यायचे. नवव्या खेपेला पहिल्यांदा वळण संपताना स्की आपोआप समांतर झाल्या, मी काही न करता. बाहेरची स्की वजन घेऊन फिरली आणि आतली तिच्या मागे आली. आवाजही बदलला. नांगरात खरवडल्यासारखा आवाज येतो, त्या वळणाला कात्री कापडातून जाते तसा आला. भाचीने मागून आरोळी ठोकली. तिने पाहिलं होतं.

लिफ्टवर तिने मला लिंडसे व्हॉनची गोष्ट सांगितली. २०१० च्या व्हँकूवर ऑलिंपिकमध्ये डाउनहिल या स्की शर्यतीचं सुवर्णपदक जिंकणारी ही मुलगी लहानपणी शिकली ती मिनियापोलिस शहराजवळच्या बक हिल नावाच्या टेकडीवर. उंची साधारण ३०० फूट, म्हणजे आमच्या टेकडीइतकीच. तिथे एरिक सेलर नावाचे ऑस्ट्रियातून आलेले प्रशिक्षक मुलांना दोराच्या लिफ्टला धरून पुन्हा पुन्हा वर पाठवायचे, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडातही. उतार इतका छोटा की एका सत्रात एका मुलाची वळणं शेकड्यांनी व्हायची. मी ऑलिंपिकला जाणार नाही, पण छोट्या उतारामुळे वाचलेले ते तास मला समजले. मोठ्या डोंगराची उंची त्याची. वळणं ज्याची त्याने करायची असतात, आणि ती करायला लहान टेकडी जास्त जागा देते.

मध्येच थोडा वेळ बसलो, पाणी प्यायलो, मोजे तपासले. गाल भाजल्यासारखे झाले होते. आकाश ढगाळ असलं तरी पांढरा पृष्ठभाग अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे ऊन दोन्हीकडून लागतं. सकाळी लावलेलं क्रीम दुपारी पुन्हा लावायला हवं होतं. गॉगलची काच आतून हातमोज्याने पुसू नये, हेही तेव्हाच कळलं, एक ओरखडा पडल्यावर.

साडेतीनला उजेड चपटा झाला. सावल्या गेल्या, त्यामुळे उंचसखल दिसेना. दुपारी वरचा थर थोडा ओलसर झाला होता, तो आता गोठायला लागला. दिवसभर स्की घासून घासून भुसभुशीत हिम पट्ट्याच्या कडांना सरकलं होतं आणि मध्ये चकाकणारे गुळगुळीत तुकडे उघडे पडले होते. सतराव्या खेपेला अशाच एका तुकड्यावर कड रुतलीच नाही आणि स्की हातभर बाजूला गेल्या. पडले नाही. पण मांड्या थरथरत होत्या हे मला स्पष्ट कळत होतं. निळी वाट समोर होती. भाचीने विचारलं नाही, मी पाहतेय एवढंच पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "आज नाही."

तिने एकटीने काळी वाट एकदा केली. मी खाली उभी राहून पाहिलं, या वेळी काचेशिवाय. आता मला तिचा बाहेरचा पाय दिसत होता, खांदे दरीकडे राखलेले दिसत होते. तीन हिवाळे बघूनही यातलं काही मला दिसलं नव्हतं.

सामान परत केलं. बुटाच्या कड्या सोडल्या तेव्हा पायांत रक्त परत आलं आणि पहिली दोन मिनिटं चालणंच विचित्र वाटलं, इतके साधे बूट हलके. गाडीपर्यंत जाताना अंधार पडायला लागला होता आणि गारठा झपाट्याने वाढत होता. निळ्या वाटेच्या कडेने एकेक यंत्र सुरू झालं. आधी खरखर, मग एकसारखी घरघर, आणि दिव्याच्या झोतात पांढऱ्या धुक्याचा लांब पंखा. दोन माणसं डोक्याला दिवे लावून एका यंत्राकडून दुसऱ्याकडे चालत होती, हात पुढे करून बाहीवर काय पडतंय ते तपासत होती, आणि कुठे तरी एक नळ थोडा फिरवत होती. उद्याचा उतार बनत होता, माझ्यासारख्यांनी आज खरवडून नेलेला.

"मावशी, चल, गारठशील," भाची गाडीतून म्हणाली.

मी कुंपणापर्यंत गेले आणि हात बाहेर धरला. बाहीवर दाणे पडले. दिव्याखाली धरून पाहिले. गोल होते.